नळीच्या तोंडाला बांधलेली पिशवी

काकूंनी भरलेली बादली न्हाणीघराच्या फरशीवर एका दमात उपडी केली आणि पदर खोचून तशाच स्वयंपाकघरात गेल्या. सिंकवर वाकून त्यांनी कान खाली नेला. आधी काहीच नाही. मग न्हाणीघरातलं पाणी जाळीतून खाली उतरलं आणि सिंकच्या पोटात गुडगुड सुरू झाली. गुड, गुड, गुडूप. शेवटी एक लांब घोट, म्हाताऱ्या माणसाने नाइलाजाने औषध गिळावं तसा.

"हाच तो," दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या. "उद्या चाळीस माणसं येणार आणि हे असं घसा खाकरत बसणार. भाषण मी करायचं की सिंकने?"

काकू हसल्या नाहीत. पान्यांची पिशवी घेऊन मागे उभी असलेली त्यांची सून हसली, आणि सासूचा चेहरा बघून तिने हसू तिथल्या तिथे गिळलं.

सगळी वस्ती त्यांना नळवाल्या काकू म्हणायची. नवरा होता तोवर त्या नळवाल्याची बायको होत्या. तो गेल्यावर लोकांना वाटलं दुकान बंद होणार, तेव्हा काकूंनी दुकानावरची त्याची पाटी धुऊन पुसून परत तिथेच लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला गाडीवर मागे बसवून कामाला गेल्या. शिक्षण म्हणाल तर तिसरी, तीही अर्धी. नळीवरचे आकडे वाचता येत, सही येई. बाकीचं सगळं कानाने आणि नाकाने.

त्यांनी सुनेला दुसरी बादली भरायला लावली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या जाळीवर वर्तमानपत्राचा ओला तुकडा पसरला. सुनेने न्हाणीघरात पाणी ओतलं. जाळीवरचा कागद मधोमध खाली दबला, ताणला गेला आणि फाटला. खाली कुणी तोंड लावून ओढत असल्यासारखा.

"खाली तुंबलेलं नाही," काकू सुनेला म्हणाल्या. बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. "पाणी झरझर जातंय. जाताना त्याला मागून हवा लागते, ती गच्चीवरच्या नळीतून मिळायची. तिथून मिळेना म्हणून ते घरातून ओढतंय. ओढता ओढता ट्रॅपमधलं, जाळीखालच्या बाकात अडवलेलं पाणी पिऊन टाकतं. आणि ते पाणी गेलं की गटाराला दार उघडं."

सून मान हलवत होती. तिने ओढणी नाकावर धरली होती, ती काढायचं तिला सुचत नव्हतं.

कारण आवाज ही नुसती तक्रार होती. खरी गोष्ट वास होता, आणि त्याबद्दल या घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तो फाटकापासूनच भेटायला आला होता. काकूंना डोळे मिटून सांगता आलं असतं, जास्त न्हाणीघरातून, त्याखालोखाल सिंकमधून, थोडा या कोपऱ्यातून. आणि या सगळ्याच्या मधोमध बाई कडक इस्त्रीची साडी नेसून, बशीत बिस्किटं काढून उभ्या. ऐंशी वर्षांच्या, पाठ सरळ, भांग सरळ.

"कधीपासून होतंय?" काकूंनी विचारलं.

"बारा दिवस. घराला रंग दिला ना, तेव्हापासून. तुझ्या ताईने दिला लावून, माझं कुठे ऐकते ती."

"आणि वासाचं?"

"वासाचं काय?" बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. "नाही, वासाची काही तक्रार नाही."

ऐट, काकू मनात म्हणाल्या. नाक कापलं तरी कबूल करायचं नाही. अजून तीच आहे ही.

चौपन्न वर्षं झाली होती. तेव्हा तिसरी ते पाचवी एकाच खोलीत बसायची आणि बाई सव्वीस वर्षांच्या होत्या. काकूंचा बाप लोकांची तुंबलेली गटारं मोकळी करायचा. घरात मुलगा नव्हता, आणि थोरल्या मुलीचा अभ्यास होता, म्हणून सकाळी बांबूच्या पट्ट्या धरायला धाकटी जायची. काम झालं की चौकातल्या नळावर हातपाय धुवायची आणि तशीच पळत शाळेत. एक दिवस बाईंनी तिला उभं केलं. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाल्या, तुझा वास येतो, वर्गाला बसवत नाही. खोलीतल्या पन्नास पोरांनी एकदम वळून बघितलं होतं. तिने पाटी उचलली आणि ती बाहेर पडली. पायऱ्या पाच होत्या. अजून आठवतात.

ताई दोन इयत्ता पुढे होती, ती राहिली. शिकली, मोठ्या हुद्द्यावर गेली, निवृत्त झाली, आता माजी विद्यार्थ्यांची प्रमुख म्हणून मिरवत होती. बाईंचा उद्याचा सत्कार तिनेच ठरवला होता. पण ताईने बहिणीचं दुःख कधी टाकलं नाही, हे काकू कुणालाही सांगत. महिना उलटायचा नाही की ताई म्हणायची, तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं गं चिमे, त्या बाईने माती केली तुझी. काकूंना एखाद्या वर्षी विसर पडलाही असता. ताईने पडू दिला नाही.

आज सकाळीही तिचाच फोन. बाईंच्या सिंकमधून आवाज येतायत, उद्या फजिती नको, तू जाऊन ये. आणि हे बघ, जुनं काही काढत बसू नकोस. त्यांना दम लागतो, फार बोलायला लावू नकोस.

या गल्लीतलं काम काकू आजवर दिराकडे ढकलत आल्या होत्या. आज मात्र फोन ठेवला आणि चांगली साडी नेसल्या. चौपन्न वर्षं एक वाक्य त्यांनी तोंडात धरून ठेवलं होतं. कुठे म्हणायचं, कसं म्हणायचं, किती माणसांसमोर, हे सगळं नळ्या जोडता जोडता कितीदा ठरवून झालं होतं. तुमचा वास येतो, बाई. आणि आता फाटकाशी उभं राहताच कळलं की ते खरंच आहे. इतकं आयतं ताट समोर येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण कामाच्या आधी बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

वासाच्या घरात काकू आधी तेल ओतून बघत. गच्चीवरच्या नळीत पेपरमिंटचं तेल ओतायचं, वरून गरम पाणी. नळी कुठे फुटली असेल, कुठला ट्रॅप कोरडा असेल, तिथून तो वास घरात येतो आणि चोर सापडतो. याला माणसं दोन लागतात. ओतणाऱ्याने घरात यायचं नाही, हुंगणाऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही, नाहीतर माणसालाच वास लागतो आणि सगळं मुसळ केरात. एकतीस वर्षं नवरा ओतायचा आणि काकू हुंगायच्या. माझी बायको नाकावर पोट भरते, असं तो लोकांना सांगायचा. वासावरून शाळेतून काढलेल्या पोरीचं नाक आता आजूबाजूच्या चार वस्त्यांत ठाऊक होतं.

त्यांनी सुनेला बाटली आणि किटली देऊन वर पाठवलं आणि बाईंना सांगितलं, "मी इथे हुंगतेय, पण तुम्हीही लक्ष ठेवा. घरच्या माणसाला आधी कळतं. कुठूनही पेपरमिंटचा वास आला की सांगा."

बाईंचा हात बशीवर होता, तो तिथेच थांबला. "मी?" त्या म्हणाल्या. मग, "बरं. ठेवते लक्ष." आणि वेताच्या खुर्चीत, तिच्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवून बसल्या, तोंडी परीक्षेला बसावं तशा.

पाच मिनिटं झाली. कुठेच काही नाही. मग वरून सुनेची हाक आली.

"आई, जरा वर या. ओतायला तोंडच नाहीये याला."

गच्चीला बावीस पायऱ्या होत्या आणि काकूंच्या गुडघ्यांना प्रत्येकीबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. वर पोचल्यावर त्यांनी नळी बघितली. कठड्याच्या वर कमरेइतकी आलेली, भिंतीसारख्याच साईच्या रंगात रंगवलेली. तोंडावर टोपण असावं तसं काहीतरी, तेही त्याच रंगाचं. काकूंनी नखाने खरवडलं. खाली प्लॅस्टिक निघालं. रंगाऱ्याने थेंब आत पडू नयेत म्हणून नळीच्या तोंडाला पिशवी तारेने आवळून बांधली होती. काम झाल्यावर सोडायची राहिली, आणि रंगाचे शेवटचे हात मारताना तीही रंगवली गेली. दोन हात बसून ती कवटीसारखी कडक झाली होती.

"मी तर टोपणच समजले," सून म्हणाली. बाटली डाव्या हातात घेऊन तिने उजव्या हाताने कमरेची सुरी काढली.

काकूंनी झटकन पुढे होऊन तिचं मनगट धरलं. झटक्यात बाटली कलंडली आणि तेल काकूंच्या पंजावरून कोपरापर्यंत ओघळलं, पदर भिजला. डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटला.

"राहू दे."

"आई, एक काप दिला की मोकळं."

"म्हटलं ना, राहू दे."

सुनेने सुरी खाली घेतली. काकू पिशवीकडे बघत होत्या. उद्या सकाळी अकराला चाळीस माणसं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी न्हाणीघरात, कुणीतरी संडासात. दर वेळी पाणी खाली पडणार, हवा मागणार, ट्रॅपमधलं पाणी ओढणार. बारापर्यंत सगळे ट्रॅप कोरडे. आणि नेमक्या त्या वेळी बाई गळ्यातला हार सावरत दोन शब्द बोलायला उभ्या राहणार, आणि समोरची चाळीस माणसं एकेक करून रुमाल काढणार. पन्नास पोरं बघत होती, तिथे चाळीस. दहाची सूट देऊ. आणि यात काकूंचा हात कुठेच नाही. बांधली रंगाऱ्याने, विसरला रंगारी. त्यांनी फक्त काही करायचं नव्हतं.

"उद्या ताईमावशी पण असतील की तिथे," सून हळूच म्हणाली.

"असू दे. रुमाल ती चांगला वापरते."

सुनेने सुरी परत कमरेला खोचली. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती, सासूचा कुठला आवाज कुठून येतो हे तिला कळायचं. काकूंनी तिला सामान गाडीवर चढवायला सांगितलं आणि स्वतः जिना उतरू लागल्या. उतरताना एकच गोष्ट उरली होती. ते वाक्य. उद्याचं उद्या होईल, पण ते आज, तोंडावर, बोलायचं होतं.

त्या खोलीत येऊन बाईंच्या समोर चार हातांवर उभ्या राहिल्या. तोंड उघडणार, तेवढ्यात बाईच बोलल्या.

"येतोय."

"काय?"

"तो तुझा पेपरमिंटचा. न्हाणीघराकडून. अगदी मंद आहे, पण येतोय."

काकू उभ्याच राहिल्या. नळीत थेंबसुद्धा गेला नव्हता. सगळं तेल त्यांच्या हातावर आणि पदरावर होतं, इतकं की त्यांच्या स्वतःच्या घशात झोंबत होतं, गटाराचा वासही त्याखाली दबून गेला होता. न्हाणीघराकडून काही येणं शक्यच नव्हतं. शेजाऱ्याच्या पाटीत डोकावून उत्तर लिहिणारं पोर चुकीच्या पाटीत डोकावलं की असंच सापडतं.

त्या दोन पावलं पुढे झाल्या. बिस्किटांची बशी सरकवायच्या निमित्ताने त्यांनी तो हात बाईंच्या नाकासमोरून नेला. हळू, अगदी वीतभर अंतरावरून.

"इथे नाही येत?"

"इथे?" बाईंनी पापणीही हलवली नाही. "छे. इथे काहीच नाही."

काकूंनी स्टूल ओढलं आणि कुणी बस म्हणायच्या आधीच त्या बसल्या.

"बाई, तुम्हाला वास येत नाही."

बाईंनी आधी दाराकडे बघितलं, सून तिथे आहे का ते. मग इस्त्रीच्या साडीची नसलेली सुरकुती सारखी केली.

सातव्या वर्षी ताप आला होता, त्या म्हणाल्या. ताप गेला, तो जाताना हे घेऊन गेला. आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरीला लागताना सांगितलं असतं तरी कुणी काढलं नसतं, पण नाही सांगितलं, आणि एकदा नाही सांगितलं की पुढे सांगता येत नाही. दूध नासलं का ते त्या रंगावरून बघत. गॅसचं बटण निजायच्या आधी तीनदा बघत. कुणी फुलं दिली की डोळे मिटून वा म्हणत. हे सगळं त्यांनी शिकवायच्या आवाजात सांगितलं, मुद्दे पाडून, मध्ये कुठेही न अडखळता.

काकू ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता हिशेब करत होत्या. सात कुठे आणि सव्वीस कुठे.

"मग माझा कसा आला?"

बाईंनी कुठला वास, कधीचा वास, असं काही विचारलं नाही. त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," त्या म्हणाल्या. "एका घरातल्या तुम्ही."

"काय ठाऊक असेल?"

"वर्गात काय सडलंय, कुणी आंघोळ केली नाही, मला कसं कळणार? कुणाला तरी विचारावंच लागायचं. तुझी ताई हुशार होती, नाक तिखट. तिला मी पुढच्या बाकावर बसवली होती ती त्यासाठी. ती खुणेने सांगायची. तुझं तिने लागोपाठ तीन दिवस सांगितलं. मी म्हटलं, अगं, बहीण ना तुझी? म्हणाली, म्हणून तर सांगते बाई. पोरं माझ्याकडे पण नाक धरून बघतात."

काकूंचा तेलाचा हात मांडीवर उताणा पडला होता. बाप घरी यायच्या आधी संध्याकाळी ताई तिला मागच्या ओट्यावर बसवायची आणि हे हात साबणाने चोळायची. मग दोन्ही तळवे नाकाशी नेऊन हुंगायची आणि म्हणायची, गेला बरं का चिमे, आता काही नाही. रोज म्हणायची. शाळेतून काढलं त्या संध्याकाळीही म्हणाली होती.

काकूंनी तळवा पालथा केला.

"तुम्हाला येत नव्हता, तर एकदा मला जवळ बोलावून विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांची होते. खोटं बोलले नसते."

"हो," बाई म्हणाल्या. "तेवढं माझं आहे."

त्यांनी माफी मागितली नाही, आणि काकूंना ते बरं वाटलं. माफी मागितली असती तर काहीतरी द्यावं लागलं असतं.

मग काकूंनी ते वाक्य म्हटलं. चौपन्न वर्षं धरून ठेवलेलं, पण निघालं ते भलत्याच आवाजात, पाणी बंद आहे का हो, असं शेजारणीला विचारावं तसं.

"बाई, तुमच्या घराला वास येतो."

"किती?"

"फाटकापर्यंत."

"कधीपासून?"

"आवाज येतोय तेव्हापासून."

बाईंनी मान हलवली. शेजारची रोज दुपारी पेपर वाचून दाखवायला यायची, ती नऊ दिवसांत फिरकली नव्हती, गुडघा धरलाय असा निरोप पाठवला होता. दूधवाली पिशवी फाटकाला लावून जायची. "मला वाटलं, ऐंशी झाली की माणसं अशीच कमी होतात," बाई म्हणाल्या. मग काहीतरी आठवून, "रविवारी तुझी ताई आली होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली, ओसरीवरच बसली. तोंडाला रुमाल होता. सर्दी झाली म्हणाली. आवाजाचं तेवढं बोलली, सिंक बघून घ्या म्हणून."

"वासाचं नाही सांगितलं?"

"नाही."

काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि दाराशी जाऊन सुनेला हाक मारली, सुरी घेऊन ये.

बावीस पायऱ्या पुन्हा. या वेळी काकूंनी सुरी स्वतःच्या हातात घेतली. तार सोडायच्या भानगडीत न पडता त्यांनी पिशवी मधोमध उभी कापली. रंगाची कवटी तडकली, दोन्ही बाजूंना दुमडली, आणि नळीने आत हवा ओढली, इतकी जोरात की पिशवीच्या कडा फडफडल्या. सून मागे सरकली. काकूंनी तारेसकट सगळं ओरबाडून काढलं, नळीच्या तोंडाशी तळवा धरून बघितला आणि ते चोळामोळा झालेलं प्लॅस्टिक सुनेच्या पिशवीत कोंबलं.

"टाकून देऊ?" सुनेने विचारलं.

"नको. लागेल."

खाली येऊन त्यांनी प्रत्येक जाळीत तांब्या तांब्या पाणी ओतून ट्रॅप भरले. मग सुनेने न्हाणीघरात बादली उपडी केली आणि तिघीही स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. पाणी गेलं. सिंकमधलं पाणी जराही हललं नाही. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. कान त्यांचे अजून तिखट होते.

"वास अजून तासभर राहील," काकू म्हणाल्या. "खिडक्या उघड्या ठेवा. गेला का ते मी फोन करून विचारणार नाही, तुम्हाला कळणार नाही. शेजारणीला बोलवा. तिला म्हणावं, खरं सांग."

बाई त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. ओसरीवर भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या होत्या, त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या ये. पुढच्या रांगेत बस."

"पुढच्या रांगेत जागा मोजून दिल्यात म्हणे. ताई सांगत होती."

"माझं घर आहे," बाई म्हणाल्या. "तिच्या शेजारी बस."

गाडीशी येऊन काकूंनी हात मातीने चोळला, पाण्याने धुतला, पदर पिळला. पेपरमिंट तसूभरही हललं नाही. ते दोन दिवस जात नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच.

झालं का गं, गेला का तो आवाज, असं तिने विचारलं. गेला, काकू म्हणाल्या. ताईला हायसं वाटलं. तुझ्यासारखी तूच गं चिमे, म्हणाली, शिकली असतीस तर कुठल्या कुठे गेली असतीस. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "जुनं काही काढलं नाहीस ना?"

"मी नाही काढलं."

"शहाणी आहेस. उद्या तू दमली असशील, येऊ नकोस. मी फोटो दाखवीन."

"उद्या मी येतेय," काकू म्हणाल्या. "बाईंनी बोलावलंय. तुझ्या शेजारची खुर्ची आहे."

"माझ्या शेजारची? अगं पण..."

"ताई, बाईंना वास येत नाही. सात वर्षांच्या होत्या तेव्हापासून."

पलीकडे टीव्ही लागला होता बहुतेक, तो कुणीतरी बंद केला. मग खूप आतून एक घोट ऐकू आला. लांब, ओढलेला, वरून मोठं काहीतरी पडलं की खालचं पाणी हलतं तसा.

सून गाडी सुरू करणार होती. काकूंनी हात वर करून तिला थांबवलं आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला. आवाज कुठून येतो ते नीट ऐकायचं असेल तर घाई करून चालत नाही.